वहीत नसलेली वाट

“हीच का ती, वाट अडवणाऱ्याची?”

जिंतूरला जाणाऱ्या काळीपिवळीत मागच्या बाकावरच्या बाईनं शेजारणीला हे विचारलं. हळूच विचारलं असावं, पण जीप नेमकी त्याच वेळी गतिरोधकापाशी मंदावली आणि वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. असं काही कानावर आलं की मी बॅगेची चेन उघडते आणि पुन्हा लावते. ती उघडली, लावली.

ड्रायव्हरच्या शेजारी सर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, चपलांना ओढ्याचा चिखल. ते मागे वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “न्हाई मावशी. ही नेपाळ हाय.”

जीपभर हसणं झालं. त्या बाईला काही कळलं नाही, पण सरांचं बोलणं कळत नाही याची आमच्या भागात सगळ्यांना सवय होती. आम्ही दोघं तेवढे हसलो नाही. कारण जी वाट अडवली होती ती सरांच्याच शेताची होती, आणि अडवणारे माझे वडील होते.

सर जिंतूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत आणि राहत आमच्याच गावात, बोरीला. सकाळी सलूनमध्ये पेपर आला की परदेशाचं पान आधी त्यांच्याकडे जाई. ते मोठ्यानं वाचत आणि वाचता वाचता प्रत्येक देशाला गल्लीतल्या माणसासारखं वागवत. अमक्यानं तमक्याशी अबोला धरलाय. तमक्याच्या दारात लांबचे पाहुणे येऊन गेले, कशाला आले कोण जाणे. दाढीला बसलेला माणूस मान न हलवता विचारी, मग पुढं काय झालं सर? जणू त्याच्याच भावकीतलं चाललंय. एकदा गल्लीत पाणी येत नव्हतं तेव्हा सलूनवाला वैतागून म्हणाला होता, “सरांला बांगलादेशाच्या पाण्याची लय काळजी. गल्लीतल्या नळाची न्हाई.” सर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “नळाला पाणी कुटून येतंय ते आधी इच्यार. मग बांगलादेश आपोआप कळतोय.”

त्यांचा जीव एकाच विषयात गुंतलेला होता. शेजारी देश मिळून संघटना काढतात त्या का काढतात, आणि एखादा देश तिच्यात जातो तो नेमका कशासाठी. आमच्या पुस्तकात यावर शांतता, सहकार्य, समान संस्कृती असं दिलेलं होतं. सर ते नीट वाचून दाखवत, पुस्तक मिटत आणि म्हणत, “हे झालं पत्रिकेवर छापलेलं. आता घरातलं सांगतो.” घरातलं म्हणजे वाट, पाणी, वीज, आणि पाठीमागं कोण उभं आहे याची धास्ती. देश संघटनेचा सदस्य होतो असं ते कधी म्हणत नसत. ‘शरीक होतो’ म्हणत. सदस्य काय, वाचनालयाचाही होता येतं. शरीक माणूस लग्नात होतो तसा मयतीतही होतो. “आन् शरीक व्हायला प्रेम लागत न्हाई,” ते म्हणत, “गरज लागती.” पहिल्या आठवड्यात मी तो शब्द ‘शेअर’ असा ऐकला होता आणि तसाच लिहून घेतला होता.

माझी शाळा पुण्यात झाली, इंग्लिश मीडियममध्ये. पप्पांची चाकणची नोकरी सुटली तेव्हा आम्ही बोरीला आलो. आजोबांच्या वाट्याची जमीन होती, तिच्यावर मोसंबी लावायची पप्पांनी ठरवलं. गावात माझी ओळख करून देताना ते आधी “ही इंग्लिश मीडियमची” म्हणत आणि मग नाव सांगत. समोरचा माणूस सावरून बसे आणि मी आणखी मिटून जाई. माझं मराठी वाईट नव्हतं. घरातलं होतं. घराबाहेर काढलं की ते बावचळायचं. मी बोलत नाही याचा अर्थ गावानं शिष्टपणा असा लावला. मी तो लावू दिला, कारण खरं कारण सांगायला बोलावं लागलं असतं.

कॉलेजात माझं पहिलं बोलणं सरांनीच काढलं. देशादेशांतला अर्धा कारभार करारांनी चालतो आणि अर्धा वहिवाटीनं, असं काहीतरी ते सांगत होते. मधेच थांबून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तू सांग. वहिवाट म्हंजे काय?”

मी उभी राहिले. शब्द फोडून बघितला. वही. वाट. मला तो सोपा वाटला आणि त्या सोपेपणाच्या आनंदात मी जरा मोठ्यानंच म्हणाले, “वहीत लिहिलेली वाट.”

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. माझे कान तापले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मान तिरकी करून ते वाक्य पुन्हा एकदा स्वतःशी म्हटलं, चव घेतल्यासारखं. मग म्हणाले, “हसू नका. निम्मी दुनिया हेच समजून चालायलीय. वहिवाट म्हंजे जी वहीत नसती ती. पायानं पडलेली. कोणी लिहून दिली न्हाई, कोणी अडवली न्हाई, म्हणून हाय.” आणि माझ्याकडे वळून, “बस. चांगली चूक केलीस.”

पुढे वर्षभर ते ‘हिच्या व्याख्येप्रमाणं’ असं म्हणून माझी ती चूक वापरत राहिले. मला दर वेळी तेवढीच लाज वाटे. पण एका गोष्टीचं आश्चर्यही वाटे, की ते माझ्या चुकीला कधी माझं नाव लावत नसत.

त्यांचं शेत आमच्या मागे होतं, ओढ्याला लागून. रस्त्यापासून तिथं जायचं तर आमच्या शेताच्या कडेनं जावं लागे. बाभळीपासून बांधालगत एक गाडीवाट होती. दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी. आमच्या पहिल्या हिवाळ्यात सरांनी आणि त्यांच्या बायकोनं, काकूंनी, आम्हाला हुरड्याला बोलावलं तेव्हा पप्पांनी पुण्याची गाडी त्याच वाटेनं घातली. खालून गवत घासल्याचा आवाज आला की ते “हळू, हळू” असं स्वतःलाच म्हणत. काकूंनी गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली. सर ती तळहातावर चोळून, फुंकर मारून गरम दाणे आमच्या हातावर देत होते. पप्पा म्हणाले, असा हुरडा पुण्यात मिळत नाही. सर म्हणाले, “पुण्याची वाट लांबची हाय. ही जवळची हाय. येत जावा.”

पुढच्या उन्हाळ्यात मोसंबीची रोपं यायच्या आधी कुंपणाची तार आली. पप्पांना शेत सरळ, चौकोनी हवं होतं. बांधालगतची पट्टी धरली तर झाडांची एक ओळ जास्त बसत होती. गाडीवाट त्या ओळीखाली गेली. सर भेटायला आले. पप्पांनी त्यांना चहा दिला आणि मोबाईलवर गावचा नकाशा दाखवला. नकाशात रस्ता नव्हता. पप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले, नकाशात दाखवा सर, उद्या तार काढतो. सरांनी नकाशा बघितला, चहा संपवला, कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेले.

मागच्या दारानं जाणं ही त्यांची सवयच होती. कॉलेजातही ते वर्गाच्या मागच्या दारानं आत येत आणि बाकांमधून वाट काढत फळ्यापाशी जात. का, असं कोणी विचारलं की म्हणत, पुढल्या दारानं मालक येतो, मागल्या दारानं शेजारी. पण त्या दिवशी त्यांना तसं जाताना बघून मला वाटलं की आमच्या घराला मागचं दार नसतं तर बरं झालं असतं.

रात्री जेवताना पप्पा म्हणाले, “सर माणूस चांगला आहे. पण चांगुलपणानं सातबारा बदलत नाही.” आमच्या घरात कोणी खोटं बोलत नव्हतं, अडचण तीच होती. कागदावर पप्पा शंभर टक्के बरोबर होते. आणि मी रोज त्या माणसाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होते.

आता सगळ्यांना वाटेल की सर मला टोमणे मारत असतील. त्यांनी एकदाही ती गोष्ट काढली नाही. काढत नाहीत याचं कारण मला एका तासाला कळलं. शेजारी देशांच्या एका संघटनेचा एक नियम ते समजावून सांगत होते, की दोघांमधलं भांडण सगळ्यांच्या बैठकीत काढायचं नाही. एक मुलगी म्हणाली, मग सर, तिचा उपयोग काय? सर म्हणाले, “उपयोग हाच, की भांडण असूनबी दोघं एका छताखाली येत्यात. भांडण आत आणलं तर बैठकच होत न्हाई.” एवढं बोलून त्यांनी खडू उचलला. मला वाटलं, हा वर्ग म्हणजे त्यांची बैठक आहे, आणि ते नियम पाळतायत.

त्यांच्या नियमांपैकी एक सगळ्या गावाला ठाऊक होता. ते लग्नाला, बारशाला, कुठल्याही जेवणावळीला बोलावणं नसलं तरी जात. फक्त तिथं गोड खात नसत. बोलावणं असलं तर पाहुणा, नसलं तर निरीक्षक. मोठमोठ्या संघटनांत निरीक्षक देश असतात, ते बैठकीला बसतात पण त्यांना मत नसतं. सरांच्या मते मत म्हणजे जिलेबी. शिवाय ज्याच्याशी त्यांचा अबोला असेल त्याच्याच शेजारी ते पंगतीत बसत. चुलतभावाशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, पण गावातल्या प्रत्येक पंगतीत दोघं मांडीला मांडी लावून जेवताना दिसत, एकमेकांकडे मीठ सरकवत. “अबोला असला तरी शेजार सोडू नये,” सर म्हणत. “तोंड बंद असलं तर चालतंय. पाठ फिरवली की संपलं.” ते वाक्य मला पुढे, पप्पांनी माझ्याशी अबोला धरला तेव्हा, आमच्याच स्वयंपाकघरात उपयोगी पडलं.

आमच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा पप्पांनी जेवण ठेवलं. तारेनंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. सरांना बोलावलं नव्हतं. ते आले, आणि सरळ पप्पांशेजारी जाऊन बसले. मी जिलेबी वाढत होते. सगळी पंगत माझ्याकडे बघतेय असं मला वाटत होतं, आणि ते खरंही असावं. सरांच्या ताटापाशी आले तेव्हा त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

“निरीक्षकाला गोड नसतंय,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. नियम सांगतात तसं सांगितलं.

पप्पा हसले. “घ्या हो सर, घरचंच आहे.” सरांनी त्यांच्याकडे मिठाची वाटी सरकवली. मी जिलेबी तशीच चिमट्यात धरून पुढच्या ताटाकडे गेले. पाक माझ्या पायावर सांडला होता. तो चिकटपणा मी रात्री झोपेपर्यंत धुतला नाही.

दुसऱ्या वर्षाला सरांनी वर्गात देश वाटले. भिंतीवरचा नकाशा त्यांना मान्य नव्हता. तो चालून बघितलेल्या माणसानं काढलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बाक भिंतीला लावायला सांगितले आणि फरशीवर खडूनं भारत आणि भोवतालचे देश काढले. प्रत्येकानं आपल्या देशात मांडी घालून बसायचं. मालदीव झालेल्या पोराला व्हरांड्यात उन्हात बसवलं, चारी बाजूंनी पाणी आहे म्हणून. वर्गाचं दार म्हणजे दर्या. दाराकडे जायचं तर मधल्या देशाची परवानगी तोंडानं मागायची. भारत चारठाण्याच्या एका उंच मुलाला मिळाला. मला नेपाळ मिळाला. मुद्दाम दिला की चिठ्ठी तशी निघाली, मला अजून माहीत नाही. कॉलेजात मात्र तेव्हापासून मला सगळे नेपाळच म्हणायला लागले.

बंगालच्या उपसागराच्या नावानं जमणाऱ्या देशांच्या संघटनेत नेपाळ आणि भूतान आहेत, हे त्या तासाला आम्हाला कळलं. पोरं हसली. नेपाळला कुठला आलाय समुद्र? सर म्हणाले, नेपाळालाच विचारा. मी बसूनच कसंबसं सांगितलं, की समुद्र नाही म्हणूनच. ज्याच्याकडे दार नाही त्याला दारापाशी बसणाऱ्यांत बसावं लागतं. ते बरोबर निघालं. सरांनी मान डोलावली. मला क्षणभर बरं वाटलं आणि मग आपण कोणाच्या शेताचं वर्णन केलं ते लक्षात आलं.

तास मोठा होता आणि पाण्याचा माठ दाराबाहेर. बाकीचे “वाट द्या राव” म्हणत उठून जाऊन येत होते. मला फार तहान लागली होती. चारठाण्याच्या मुलानं पाय लांब पसरले आणि म्हणाला, “माग की, नेपाळ. तोंडानं माग.” त्यात वाईट काही नव्हतं, चेष्टाच होती. पण मला ते दोन शब्द उच्चारता येईनात. माझ्या तोंडून ‘वाट द्या’ कसं निघणार? मी नको म्हणून मान हलवली.

सरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. “वाट मागायची लाज वाटायली व्हय? लाज मागणाऱ्याला कशाला वाटावी? लाज तर...”

ते तिथंच थांबले. फळ्याकडे वळले आणि कोरा फळा डस्टरनं पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. वर्गातल्या बाकीच्यांना काही जाणवलं नसेल. त्यांनी नियम मोडता मोडता सावरला होता, माझ्यासाठी. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी भारत आलाच नाही, घरी काढणी होती. सरांनी मला नेपाळातून उठवलं आणि त्या मोठ्या आकृतीच्या मधोमध उभं केलं. “आता तू भारत. तुला दर्या हाय, वाट हाय, सगळं हाय. मग ह्या बारक्यांसंगं एका पंगतीत काऊन बसायलीस? एकेकाला घरी बोलवून आपल्या मनासारखं ठरव की. बारक्याची गरज नेपाळनं काल सांगितली. आज मोठ्याचा फायदा सांग.”

इंग्रजीत माझ्याकडे उत्तर तयार होतं. पुस्तकातलं, गुळगुळीत. मराठीत आणायला गेले तर ते टोचायला लागलं. मी उभी राहिले. भूतान माझ्याकडे बघत होती, बांगलादेश नखं कुरतडत होता. सर वाट बघत होते. कोणी गप्प राहिलं तर ते मधे बोलून ती शांतता भरून काढत नसत, हा त्यांचा सगळ्यांत छळणारा विक्षिप्तपणा. घंटा झाली तरी मी तशीच उभी. पोरं आपापले देश पायानं पुसत बाहेर पडली.

“असू दे,” सर म्हणाले. “हा प्रश्न तुझ्यापाशी ठेव. घाई न्हाई.”

घाई होती, पण ती मला नंतर कळली. सरांचं सोयाबीन काढून झालं होतं. शेतात कापलेल्या झाडांचा ढीग, सुडी, रचून वर ताडपत्री टाकली होती. मळणी यंत्र ट्रॅक्टरमागे येतं, त्याला रस्ता हवा. ओढा पायी ओलांडता येतो, सर रोज तसेच जात. यंत्र तसं जात नाही. परतीच्या पावसाचे ढग रोज दुपारी जमत होते.

हे मला पिठाच्या गिरणीत काकूंनी सांगितलं. डबा पुढे सरकवत, गिरणीच्या आवाजात. ओढ्यापलीकडे खडी क्रशरवाल्याची जमीन आहे. त्यानं सरांना सांगितलं होतं की ओढ्यात नळकांडी टाकून मी उद्याच वाट करून देतो, फक्त माझ्या गाड्या खडी टाकायला तुमच्या शेतात येतील. 

“ह्येंनी न्हाई म्हनलं,” काकू म्हणाल्या. “म्या म्हनलं, काऊन? सगळं पीक सडवायलाव का? तर म्हनत्यात, धूळ त्या पोरीच्या बापाच्या बागंवर बसंल. एकदा क्रशर हिकडं आला की जायचा न्हाई.” त्यांनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. “म्हनून म्याच अर्ज दिला तहसीलात. ह्येंला ते बी पटलं न्हाई. शेजाऱ्यात तिसरा नको, म्हनं. आता सुडी भिजल्यावर तिसरा काय आन् चौथा काय?”

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. माझा डबा गरम होता, तो मी पोटाशी धरून घरी आले. आईला सांगितलं नाही, पप्पांनाही नाही. सांगायला लागले असते तर एवढंच निघालं असतं, की सरांनी आपली बाग वाचवायला स्वतःचं पीक पावसात ठेवलंय. त्यानंतर पप्पांनी मला विचारलं असतं, मग मी काय करू, नकाशात रस्ता आहे का?

स्थळपाहणीच्या दिवशी पप्पांनी मला सोबत घेतलं. “तू चल. मोबाईलवर वरून काढलेला फोटो दाखव. ते लोक तुझं ऐकतील.” मी गेले. नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

नायब तहसीलदार मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. तोंडाला रुमाल, पायात बूट, बोलणं शांत. बांधावर गावातली काही माणसं उभी होती. ती सगळी त्या वाटेनं कधी ना कधी गेलेली. मॅडमनी विचारलं, इथून गाड्या जाताना कोणी पाहिल्यात का? एकजण गवत उपटायला लागला. एकाला फोन आला. आमच्या बोअरचं पाणी त्यांच्यापैकी काहींच्या घरी जात होतं. त्यांना दोष देण्याचा मला काही अधिकार नव्हता, कारण मीही त्यांच्यासारखीच उभी होते, फक्त माझ्या हातात मोबाईल होता.

सर बाभळीखाली होते. पँट दुमडलेली, चपलांना चिखल. पप्पांपासून हातभर अंतरावर, शेजारी. पाठ फिरवलेली नव्हती. मॅडमनी त्यांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की वाट होती, आणि ह्यापरीस मी जास्त बोलणार न्हाई, कारण माझंच शेत हाय.

पप्पा म्हणाले, “मॅडम, भावनेचा प्रश्नच नाही. नकाशात असेल तर मी आत्ता तार कापतो. माझी मुलगी दाखवते. इंग्लिश मीडियमची आहे.”

मी फोटो उघडला. पावसाळ्यातला होता. सगळं हिरवं. बाभूळ दिसत होती, ओढा दिसत होता, चाकोऱ्या गवतात बुडाल्या होत्या. मी स्क्रीन मोठी केली, लहान केली. बॅग नव्हती, नाहीतर चेन उघडून लावली असती.

तेवढ्यात ओढ्यापलीकडे एक जीप येऊन थांबली. क्रशरवाला खाली उतरला नाही. काच खाली करून, कोपर बाहेर काढून बघत बसला. त्याला घाई नव्हती. इकडे काय ठरतंय तेवढं बघून तो नळकांडी टाकणार होता. त्याच्यामागे लांबवर खडीच्या ढिगावरून धूळ उठत होती, आणि वारा आमच्याकडे वाहत होता. वर्गात मला न आलेलं उत्तर ओढ्यापलीकडे उभं होतं. मोठ्यानं वाट द्यायची ती उपकार म्हणून नाही. आपल्या पाठीमागे उद्या कोण उभं राहील, ते ठरवायची तेवढी एकच संधी त्याच्याकडे असते. सरांनी ती आमच्यासाठी सांभाळून ठेवली होती, ताडपत्रीखाली.

“दिसते का वाट?” मॅडमनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “फोटोत नाही.”

पप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मॅडम पेनाचं टोपण काढून लिहायला वाकल्या. पप्पांचा हात माझ्या खांद्यावर आला, कौतुकानं. त्या हाताखाली उभं राहूनच मला पुढचं बोलावं लागलं. आवाज चढला असणार, कारण गवत उपटणारा माणूस थांबला.

“मॅडम, थांबा. ही वाट वहीतली नाही. वहिवाटीची आहे. आमी हुरड्याला हिथूनच गेलो होतो. गाडी पप्पा चालवत होते.”